शोएबउल्ला खान: लातूरने स्मरावा असा संपादक

निझामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करीत असे. त्यामुळे इथे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळाकडे अनेकदा धर्माच्या चौकटीतून पाहिले जाते. शोएबउल्ला खान यांचे आयुष्य ही चौकट मोडते. हैदराबादेत ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवताना त्यांनी रझाकारांचे अत्याचार निर्भयपणे मांडले, हैदराबाद संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार केला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, हातही तोडला गेला. एकटा माणूस अपवादच, असा आक्षेप येईल. पण सात मुस्लिम नेत्यांचे रझाकारविरोधी निवेदनही त्यांनी छापले होते. हा आवाज एकट्याचा नव्हता. मराठवाड्याचा लढा जुलमी सत्तेशी होता, धर्माशी नव्हे. म्हणूनच १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, लातूर-नांदेडने हे नाव आदराने घ्यायलाच हवे.