पुस्तक मिटल्यावर तोत्तोचान कुठे गेली?

साल 1954. तुम्ही तोक्योत, एनएचके या प्रसारणसंस्थेच्या रेडिओ स्टुडिओत भिंतीला पाठ टेकून उभे आहात. श्रुतिकेची तालीम चालू आहे. कुणीतरी रस्त्यात कोसळलंय आणि मायक्रोफोनभोवतीच्या नवशिक्या नटांनी नुसती कुजबुज करायची आहे. तेवढ्यात एक खणखणीत आवाज सगळ्यांच्या वर चढतो : काय झालं हो यांना? मागे सरक, असं तिला सांगतात. मुलगी सरकते. आणखी मागे. दाराशी पोचली तरी आवाज काही गर्दीत मिसळेना. शेवटी तिची घरीच रवानगी होते.

हिला तुम्ही ओळखता. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली तोत्तोचान ती हीच. तेत्सुको कुरोयानागी, आता विशीतली. ‘तोत्तोचान’ या तिच्या आठवणींच्या पुस्तकाच्या चेतना सरदेशमुख गोसावींनी केलेल्या मराठी अनुवादामुळे तिची आगगाडीच्या डब्यांतली शाळा आपल्या घरांत पोचली, पण पुस्तक मिटल्यावर ही पोर गेली कुठे, हे विचारायचं बहुतेकांचं राहूनच गेलं. ती इथे आली. पुढे आई झाल्यावर मुलांना गोष्टी छान वाचून दाखवता याव्यात, एवढ्याचसाठी!

त्याच वर्षी लेखक तादासु इइझावा तीन माकडांची श्रुतिका घेऊन येतात. मी बोलणं सुधारते, असं ती त्यांना काकुळतीने सांगते. ते म्हणतात, मुळीच सुधारू नकोस, मला हाच आवाज हवाय.

आता चला 2 फेब्रुवारी 1976च्या दुपारी. ‘तेत्सुकोची खोली’ या दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतींच्या कार्यक्रमाचा पहिला भाग. आता तिला बाई म्हणायला हवं. समोर नट हिसाया मोरिशिगे, बाईंपुढे हाताने लिहिलेली टिपणं. चित्रीकरणाला मागाहून कात्री लावायची नाही, ही बाईंची अट. त्यामुळे पाहुण्याचं अडखळणंही तसंच राहतं. आपल्याकडे उत्तर पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न येऊन आदळतो, म्हणून हे विशेष वाटतं. लहानपणी त्या डब्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी यांनी पहिल्याच भेटीत तिची चार तास बडबड ऐकून घेतली होती. ऐकणं ती तिथेच शिकली असावी, असं मला वाटतं.

बाई संत वगैरे मुळीच नाहीत. विनोदी नट त्यांना टरकून असतात. पाहुण्याचा विनोद त्या आधीच सांगून टाकतात आणि मग म्हणतात, करून दाखवा ना! समोरच्याला घाम फुटतो.

1978मध्ये गाण्यांच्या ‘द बेस्ट टेन’चं सूत्रसंचालन आलं, तेही थेट प्रक्षेपण. क्रमवारीत लबाडी चालणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. 1986पासून शनिवारी रात्री दुसऱ्याच्या प्रश्नमंजूषेत स्पर्धक म्हणून बसल्या, त्याही अभ्यास करून.

2011मध्ये गिनेसने ‘तेत्सुकोची खोली’ची नोंद घेतली : एकाच निवेदकाने सर्वाधिक भाग सादर केलेला मुलाखतींचा कार्यक्रम. 27 मे 2015 रोजी दहा हजारावा भाग झाला. ‘तोत्तोचान’ 1981चं. त्याचा पुढचा भाग बाईंनी 2023मध्ये, वयाच्या नव्वदीत लिहिला. मुलाखती तेव्हाही चालूच होत्या.