आगोट, पुरुमेंत आणि वादळ

चतुर्थीला पानात जे वाढले जाते, त्यातले बरेचसे मे महिन्यातच घरात आलेले असते. खतखत्यातली सोलं, तळलेले सांडगे-पापड, डाव्या बाजूचा मिठातला आंबा. पावसाळ्यासाठी केलेली साठवण चतुर्थीपर्यंत पुरली म्हणजे घर नीट चालले, असे आमच्याकडे जुनी माणसे मानत. मालवण-वेंगुर्ल्याकडून येऊन पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत या साठवणीला दोन शब्द आहेत. कोकणातून आलेला 'आगोट' आणि पोर्तुगीज भाषेतून गोव्यात रुजलेला 'पुरुमेंत'. मडगावच्या एका फेस्ताला तर 'पुरुमेंताचे फेस्त' असेच नाव पडले आहे.

या साठवणीमागे चवीपेक्षा निकड मोठी होती. किनाऱ्यावरचा व्यवहार तेव्हा गलबतांवर आणि होड्यांवर चाले. नैर्ऋत्येचा वारा सुटला की समुद्र बंद होई, तो नारळी पौर्णिमेपर्यंत. मधल्या काळात घरात असेल तेच खायचे. म्हणून तांदूळ, कुळीथ, मीठ, गूळ, खोबरेल, सुके बांगडे भरून ठेवायचे. लाकूडफाटा आणि नारळाची सोडणे पडवीत रचायची. अंगणातला माटव उतरवायचा आणि पाऊस ज्या बाजूने झोडपतो, तिथे विणलेली झापे बांधायची.

सर्वांत मोठे काम छपराचे. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले साऱ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी घरांवर गवत, झापे किंवा कुंभाराचे नळे असत. नळे दरवर्षी काढून, फुटके बदलून, पुन्हा रचावे लागत. ही शाकारणी मृगापूर्वी संपलीच पाहिजे, असा घरोघरी दंडक होता.

घराला जो नियम, तोच आरमारालाही होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच जहाजे सुरक्षित बंदरात छावणीस न्यावीत, असे त्यात बजावले आहे. वारा सुटल्यावर धावाधाव करायची नाही, हे त्यातले मर्म.

वादळाची आगाऊ सूचना देण्याची सरकारी व्यवस्था त्यानंतर बऱ्याच काळाने आली. ऑक्टोबर 1864 च्या चक्रीवादळाने कोलकात्याची मोठी हानी झाली आणि 1865 मध्ये त्या बंदरात इशाऱ्यांची सोय झाली. भारतीय हवामान खाते 1875 चे. बंदरावर चढणारा बावटा खलाशांना आणि मच्छीमारांना कळे. घरे मात्र पंचांगावरच चालत राहिली, कारण पाऊस साधारण वेळेवर येई आणि वाऱ्याची दिशा ठरलेली असे.

चक्रीवादळ यांपैकी काहीच पाळत नाही. अरबी समुद्रात ती मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर होतात. आपल्याकडे चक्रीवादळात वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. त्यामुळे वादळ गोव्याच्या पश्चिमेने उत्तरेकडे सरकत असेल, तर वारा आधी पूर्वेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैर्ऋत्येकडून येतो. फक्त पश्चिमेला बांधलेली झापे अशा वेळी अपुरी पडतात.

'फयान' 11 नोव्हेंबर 2009 रोजी कोकण किनाऱ्यावर आले, म्हणजे झापे काढून झाल्यावर. 'निसर्ग' 3 जून 2020 रोजी आले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. 'तौक्ते' तर 16 मे 2021 रोजी गोव्याजवळून गेले.

त्या दिवशी आमच्या घराचे अर्धे छप्पर उघडे होते. संचारबंदीमुळे कामगार यायचे थांबले होते. मृगाला अजून तीन आठवडे आहेत, म्हणून आम्हीही निश्चिंत होतो. ताडपत्री पहिल्या तासातच उडाली. वर्षाचा तांदूळ आम्ही अंधारात हंड्या-पातेल्यांत भरून देवघरात नेला, तरी निम्मा भिजला. तीन दिवस वीज नव्हती. विहिरीवर पंप बसवताना रहाट काढून टाकला होता, त्यामुळे शेजारून दोर मागून आणून कळशीने पाणी काढले. आमच्या आजीने हे पाहिले असते, तर तांदळाबद्दल ती काही बोलली नसती. रहाट काढल्याबद्दल मात्र नक्की बोलली असती.

तेव्हापासून आमच्या घरात आगोट महिनाभर अलीकडे आली आहे. पाडव्यानंतर शाकारणी सुरू होते आणि एप्रिल संपण्यापूर्वी संपते. पाडेली त्याच वेळी माडांवरची सुकी चुडते आणि तयार नारळ उतरवतो, कारण वादळात तेच छपरावर येतात. झापे चारही बाजूंची तयार असतात आणि दिवाळीनंतरही काही दिवस हाताशी राहतात. घराचे कागद, औषधे आणि विजेरी एका डब्यात असतात. रहाट पुन्हा बसवला आहे.

यात नवे फारसे काही नाही. कामे तीच, जुन्या माणसांनी घालून दिलेली. बदलावी लागली ती फक्त तारीख. यंदा चतुर्थीला पान वाढताना प्रत्येक घराने एवढेच आठवावे, की पुढच्या आगोटीला मृगाची वाट पाहायची नाही.