गर्भातून आलेलं जीवनसत्त्व

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालं की आंबा घाट उतरण्याआधी मलकापूर लागतं. शाहूवाडी तालुक्यातल्या डोंगरकपारीच्या वाड्यावस्त्यांची ही बाजारपेठ. अशा गावच्या औषधाच्या दुकानात ई जीवनसत्त्वाची ४०० ची हिरवी मऊ गोळी चिठ्ठीशिवाय मागितली जाते. कुणाला ती फोडून चेहऱ्याला लावायची असते, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे येतात, कुणाचे केस गळतात. आणि एखादी सासू सुनेला दिवस गेलेत म्हणून गोळ्यांचा पत्ता घेऊन जाते. ‘ताकदीची गोळी आहे, बाळाला बरी’ एवढीच तिची माहिती. या समजुतीला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात खरोखरच एका गर्भारपणातून झाली.

१९२२ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन स्कॉट बिशप उंदरांना शुद्ध केलेल्या घटकांचं अन्न देत होते. दुधातलं प्रथिन, पिष्ट, चरबी, क्षार आणि तोवर माहीत असलेली जीवनसत्त्वं. उंदीर गुटगुटीत वाढले, माद्यांना दिवसही राहिले, पण पिल्लं होईनात. इव्हान्स यांनी मादीच्या ऋतुचक्राचा आधीच बारकाईनं अभ्यास केला होता, त्यामुळे गर्भाचा नेमका कितवा दिवस हे त्यांना सांगता येई. गर्भ रुजत होता, आठवडाभर ठीक वाढत होता, मग मरत होता आणि गर्भाशयातच विरून जात होता. उंदरिणीचे दिवस एकवीस-बावीस, म्हणजे अर्धी वाटही तो चालत नव्हता. अन्नात ताजी लेट्यूसची पानं घातली आणि पिल्लं झाली. मग गहू देऊन पाहिला, तोही चालला. पुढे गिरणीत कोंडा, पीठ आणि अंकुर वेगळे निघतात ते तिन्ही घेऊन तपासले, तेव्हा सगळा गुण अंकुरात सापडला. त्या अंकुराच्या पिवळ्याजर्द तेलाचा दिवसाला एक थेंब पुरेसा होता.

या अनोळखी पदार्थाला आधी ‘एक्स घटक’ म्हणत. अ, ब, क, ड झाले होते, म्हणून पुढचं अक्षर मिळालं, ई. १९३६ मध्ये इव्हान्स, ऑलिव्हर इमर्सन आणि ग्लॅडिस इमर्सन यांनी गव्हाच्या अंकुरातून तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि एका ग्रीकच्या प्राध्यापकाकडून नाव घेतलं : टोकोफेरॉल, म्हणजे अपत्य जन्माला आणणारं. तोवर जे काही कळलं होतं ते सगळं उंदरिणीबद्दल होतं. नावानं मात्र बाईलाही वचन दिल्यासारखं झालं.

दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, झुरिकमध्ये पाउल कॅरर यांनी तोच रेणू प्रयोगशाळेत बनवला. इथून या कुळाच्या दोन शाखा झाल्या. टोकोफेरॉलच्या रेणूला एक डोकं आणि एक लांब शेपूट असतं, आणि त्यात तीन जागा अशा असतात की तिथे अणूंची मांडणी डावी किंवा उजवी होऊ शकते. झाड नेहमी एकच मांडणी करतं. कारखान्यात मात्र तिन्ही जागी दोन्ही शक्यता सारख्याच प्रमाणात होतात, आणि दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ प्रकार तयार होतात. त्यांपैकी एकच झाडातल्यासारखा. कॅरर यांनी शेपटीसाठी वनस्पतीतून काढलेला फायटॉल वापरला होता, म्हणून त्यांच्या मिश्रणात दोनच प्रकार होते. पुढे शेपूटही कृत्रिम झाली आणि आठाचं मिश्रण रूढ झालं. पत्त्यावर किंवा डबीवर बारीक अक्षरात ‘डी-अल्फा’ असेल तर ती झाडाची मांडणी, ‘डीएल-अल्फा’ असेल तर आठाची खिचडी. घरी नेणाऱ्यानं एवढं तरी वाचून घ्यावं.

या दोहोंची ताकद मोजायची कशी, हा प्रश्न आला तेव्हाही उत्तर उंदरिणीच्याच पोटात शोधलं गेलं. ई नसलेल्या अन्नावर वाढवलेल्या माद्यांना फळवायचं, ठरावीक मात्रा द्यायची, दिवस भरत आल्यावर गर्भाशय उघडून किती गर्भ जगले आणि किती विरले हे मोजायचं. १९४१ मध्ये एक मिलिग्रॅम कृत्रिम टोकोफेरिल अॅसिटेट म्हणजे एक आंतरराष्ट्रीय एकक असं ठरलं, आणि नैसर्गिक प्रकार त्याच्या १.३६ पट प्रभावी धरला गेला. हिरव्या गोळीचं नाव जगभर ४०० या आकड्याशी जोडलं गेलं ते याच एककांच्या हिशेबामुळे.

माणसाचं शरीर मात्र या हिशेबानं वागत नाही. आतडं नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही आत घेतं. निवड होते ती यकृतात. तिथे टोकोफेरॉल वाहून नेणारं एक प्रथिन आहे. ते डोक्याजवळच्या मांडणीवरून ओळखतं की हा आपला की नाही. आठातले चार त्याला पटतात, बाकीचे शरीराबाहेर जातात. म्हणून २००० मध्ये अमेरिकेतल्या आहारमानकांनी कृत्रिम गोळीतला निम्माच भाग हिशेबात धरायचा असं ठरवलं. प्रौढांना आणि गर्भवतींना दिवसाला १५ मिलिग्रॅम, पाजणाऱ्या आईला १९.

याहून कठोर निवड आई आणि बाळ यांच्यामध्ये होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गर्भवतींना दोन्ही प्रकार जड हायड्रोजनच्या खुणा करून सारख्या प्रमाणात दिले गेले. प्रसूतीनंतर तपासलं, तर आईच्या रक्तात नैसर्गिक प्रकार कृत्रिमच्या सुमारे दुप्पट होता आणि नाळेतल्या रक्तात तिपटीहूनही जास्त. २०१६ मध्ये दगावलेल्या तान्ह्या मुलांच्या मेंदूचा अभ्यास झाला, त्यातही झाडाच्या मांडणीचाच वरचष्मा दिसला. बर्कलीच्या उंदरिणीनं दिलेलं १.३६ हे प्रमाण बाळंतिणीच्या नाळेपाशी टिकलं नाही.

पण म्हणून ‘नैसर्गिक’ शब्दावर भाबडा विश्वास ठेवू नये. बाजारातलं नैसर्गिक ई मुख्यतः सोयाबीनच्या तेलातून येतं. कच्चं तेल रिफाइन करताना वास घालवण्यासाठी त्यातून तापलेली वाफ सोडतात, आणि त्या वाफेबरोबर बरंचसं टोकोफेरॉल उडून जातं. थंड करून साठवलेला तो गाळ हाच ई बनवणाऱ्यांचा कच्चा माल. सोयाबीनमधलं बरंचसं टोकोफेरॉल अल्फा नसून गॅमा असतं, त्याला रसायनशाळेत अल्फाचं रूप द्यावं लागतं. म्हणजे पिशवीतल्या तेलातून निघालेली गोष्ट गोळीच्या रूपानं दुकानात परत येते. शेंगदाण्याच्या तेलात १०० ग्रॅममागे साधारण १५ मिलिग्रॅम अल्फा असतं, सूर्यफुलाच्या तेलात त्याहून कितीतरी जास्त. घाण्याचं शेंगतेल, दाण्याची चटणी, पालेभाजी हे ज्या घरात रोज आहे, तिथल्या बाईला ई-ची वानवा सहसा पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात आसपासच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा आहार नोंदवला, तेव्हा पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार घेणाऱ्यांची बाळं जन्मताना अंगानं भरलेली आढळली. एकट्या ई-चं हे श्रेय नाही. ताटाचं आहे.

गोळीनं गर्भ टिकतो ही आशा डॉक्टरांनीही जोपासली. १९३१ मध्ये डेन्मार्कच्या फोग्ट-मोलर यांनी वारंवार पोट पडणाऱ्या बायकांना गव्हाच्या अंकुराचं तेल दिल्याचं लिहिलं, कॅनडात इव्हान शूट यांनी तेच केलं. उंदरिणीवरून बाईवर मारलेली ही उडी होती, आणि तिची कसोशीनं परीक्षा व्हायला सत्तर वर्षं गेली. तोवर प्रश्नही बदलला होता. गरोदरपणात रक्तदाब चढणं, लघवीतून प्रथिनं जाणं, अंगावर सूज येणं, वेळेत आवरलं नाही तर झटके, असा जो प्रीइक्लॅम्प्सिया, तो ई आणि क जीवनसत्त्वांनी टळेल का? इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातून २००६ मध्ये नकार आला. पण ती बरी खाणारी माणसं, आपल्याकडच्या अशक्त बायकांना कदाचित फायदा होईल, ही शंका रास्त होती. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाम इथे चाचणी घेतली, आणि भारतातलं केंद्र होतं नागपूर. डॉ. मनोरमा पुरवार त्या चाचणीच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. जोखीम जास्त असलेल्या १३६५ गर्भवती, निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० एककं ई, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. २००९ मध्ये निकाल छापून आला : दोन्ही गटांत प्रीइक्लॅम्प्सिया सारखाच. कमी वजनाची बाळंही लक्षणीय घटली नाहीत. २०१६ च्या मार्गदर्शनात संघटनेनं स्पष्ट लिहिलं की गर्भवतींना क आणि ई देण्याची शिफारस नाही. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या मात्र कायम आहेत, आणि त्याच आपल्याकडे अर्ध्या पत्त्यावर टाकून दिल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. नागपूरच्या बायकांनी महिनोन्‌महिने गोळ्या घेऊन, तपासण्या सोसून हे उत्तर मिळवून दिलं. ते मलकापूरच्या सासूपर्यंत पोचायला हवं.

मग बाळाचं काय? नाळेतून ई फार थोडं उतरतं. जन्मताना बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या चौथाई-तिहाईच असतं. ही तूट भरून काढतो चीक. पहिल्या दोन-तीन दिवसांचं ते पिवळसर, दाट दूध. त्यात नंतरच्या दुधाच्या दुप्पट-तिप्पट ई असतं. आपल्याकडे कित्येक घरांत हेच दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकत आणि बाळाच्या जिभेवर मध किंवा गुळाचं पाणी ठेवत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तूट तर आणखी मोठी. १९६७ मध्ये ऑस्की आणि बार्नेस यांनी दाखवलं की अशा बाळांच्या तांबड्या पेशी ई-अभावी फुटतात आणि पंडुरोग होतो. ते कळल्यावर डब्याच्या दुधाची घडण सुधारली. पण उपायाची घाईही महागात पडली. १९८३ च्या अखेरीस अमेरिकेत ई-फेरॉल नावाचं शिरेतून द्यायचं ई बाजारात आलं, आणि १९८४ च्या एप्रिलमध्ये मागे घेईपर्यंत ३८ बाळं गेली. ई विरघळवायला वापरलेल्या पदार्थांवर मुख्य संशय होता. तान्ह्या जिवाला मोठी मात्रा टोचताना डॉक्टर तेव्हापासून दहादा विचार करतात.

आज गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई सातव्या महिन्यापासून एकच गोष्ट घोकून घेतात : पहिल्या तासात बाळाला छातीशी लावायचं, चीक वाया घालवायचा नाही. मूल सातव्या-आठव्या महिन्यातच झालं आणि ओढायची ताकद नसली, तर आईनं हातानं चीक पिळून वाटीत घ्यायचा आणि चमच्यानं किंवा नळीनं थोडा थोडा द्यायचा. दोन चमचे निघाला तरी तो द्यायचाच.