पोझुओलीची राख

नेपल्सच्या पश्चिमेला पोझुओली नावाचं बंदर आहे. तिथल्या जुन्या रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब अजून उभे आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर खांब तळापासून बाराएक फुटांपर्यंत गुळगुळीत दिसतात आणि त्याच्यावरचा नऊएक फुटांचा पट्टा भोकाभोकांचा. ही भोकं दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी पाडलेली आहेत, आणि हे शिंपले पाण्याबाहेर जगत नाहीत. म्हणजे खांब उभेच राहिले आणि त्यांच्या पायाखालची जमीन समुद्रात उतरून पुन्हा वर आली. खालचा भाग तेवढा गाळात गाडलेला असल्यानं वाचला. चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञानं १८३० साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला याच खांबांचं चित्र छापलं होतं.

जमिनीला असं वरखाली करणारा ज्वालामुखी तिथेच आहे, फक्त तो डोंगरासारखा दिसत नाही. इटलीतल्या इतर ज्वालामुखींपैकी वेसुव्हिअस लांबूनही ओळखू येतो, एटना आणि स्ट्रॉम्बोली तर धुमसतच असतात. पोझुओलीचा ज्वालामुखी, ‘काम्पी फ्लेग्रेई’, म्हणजे बारा-पंधरा किलोमीटर रुंदीचा खचलेला खळगा. त्याचा बराचसा भाग समुद्राखाली आणि उरलेल्यावर दाट वस्ती. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी आणि नंतर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी इथे प्रचंड स्फोट झाले आणि राखेचे थरच्या थर साचले. शेवटचा उद्रेक १५३८ सालचा. त्या वेळी आठवडाभरात शंभर मीटरहून उंच टेकडी उभी राहिली आणि त्रिपेर्गोले नावाचं गाव तिच्याखाली गेलं. तिला आजही ‘माँते नुओव्हो’, म्हणजे नवा डोंगर, असंच म्हणतात. १९८२ ते ८४ या काळात पोझुओलीची जमीन जवळजवळ १.८ मीटर वर उचलली गेली आणि २००५ पासून ती पुन्हा हळूहळू वर येते आहे.

आपल्या कथेचा नायक हा खळगा नव्हे, त्यानं ओकलेली राख. जगभरातले स्थापत्य अभियंते तिला पोझोलाना म्हणतात, ते या गावावरूनच.

भाजून विरवलेला चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड ओढून घेत सावकाश घट्ट होतो. पाण्याखाली त्याला ही हवा मिळत नाही, त्यामुळे नुसत्या चुन्यात धक्का बांधला तर तो धुऊन जातो. चुन्यात ही राख कालवली की मात्र मामला बदलतो. उद्रेकात उडालेला वितळलेला दगड हवेतच झटकन थंड होतो. त्याला स्फटिक बनवायला सवड मिळत नाही आणि तो काचेच्या रूपात राहतो. या काचेतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी पाण्याच्या साक्षीनं संयोग पावतात आणि चिवट, पाण्यात न विरघळणारा बंध तयार होतो. त्याला हवा लागत नाही.

रोमन गवंड्यांना सिलिका ठाऊक नव्हती, गुण ठाऊक होता. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात लिहिणाऱ्या व्हिट्रुव्हिअस या रोमन स्थापत्यकारानं पोझुओलीजवळच्या बाइए आणि वेसुव्हिअसच्या परिसरातल्या या पुडीचं वर्णन केलं आहे. समुद्रातल्या बांधकामासाठी दोन भाग पूड आणि एक भाग चुना, हे प्रमाणही तो देतो. एवढ्यावर न थांबता तो कारण शोधतो: इथे गरम पाण्याचे झरे आहेत, त्या अर्थी जमिनीखाली आग असली पाहिजे आणि तिनंच ही माती भाजून कोरडी केली असली पाहिजे. वेसुव्हिअसमधून पूर्वी कधी आग बाहेर पडली होती, हेही त्याला ऐकून माहीत होतं. पॉम्पेई गाडलं गेलं ते त्यानंतर शंभरएक वर्षांनी, इ.स. ७९ मध्ये.

या राखेची महती एवढी की हेरोद राजानं पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर सिझेरिआचं बंदर बांधताना ती नेपल्सच्या आखातातून जहाजांनी मागवली. बंदरातल्या काँक्रीटचे नमुने भोकं पाडून काढले गेले, तेव्हा राखेचं मूळ गाव पक्कं झालं. भूमध्य समुद्र ओलांडून राख वाहून नेणं हा कुणाला उधळेपणा वाटेल. मला तो व्यवहार वाटतो.

रोम शहराला मात्र इतक्या लांब जावं लागलं नाही. शहराच्या आग्नेयेला अल्बानच्या टेकड्या आहेत. तो ज्वालामुखी हजारो वर्षं गप्प आहे, पण सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी त्यानं टाकलेली तांबडी राख शहराच्या आसपास खणून मिळायची. तिच्या जोरावर रोम उभं राहिलं. तिथल्या पँथिऑन या देवळाचा ४३ मीटर व्यासाचा घुमट दुसऱ्या शतकातला. लोखंडी सळई न वापरता केलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट आजवर दुसरा झालेला नाही. वर जावं तसतसा हलका दगड वापरत गेलेत, अगदी माथ्याला सच्छिद्र ज्वालामुखी दगड.

‘रोमन काँक्रीटचं हरवलेलं रहस्य सापडलं’ अशी बातमी दर काही वर्षांनी येते. २०१७ साली समुद्राच्या पाण्यामुळे त्या काँक्रीटमध्ये नवे स्फटिक वाढतात असं दिसलं. २०२३ साली त्यातल्या चुन्याच्या पांढऱ्या खड्यांमुळे भेगा आपोआप बुजत असाव्यात असं मांडलं गेलं. संशोधन चांगलंच आहे, मथळे तेवढे फसवे. राखेचा गुण कुणी हरवलाच नव्हता. १७५० च्या दशकात जॉन स्मीटन या अभियंत्यानं इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ भर समुद्रात एडिस्टनचं दीपगृह बांधलं, तेव्हा त्यानं इटलीतल्या चिव्हितावेक्कियाहून पोझोलाना आणवली होती. शिवाय रोमन बांधकामात सळई नव्हती, म्हणून गंजही नव्हता. आपल्या इमारती बहुतेक तिथेच मार खातात.

आपणही ज्वालामुखीच्याच दगडावर राहतो, मग आपल्याकडे हे का झालं नाही? दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पण हा लाव्हा बहुतांशी शांतपणे पसरला आणि सावकाश निवत स्फटिकरूप झाला. तो कितीही बारीक दळून चुन्यात घातला तरी राखेचं काम करत नाही. आपल्या देशात ते काम केलं सुरखीनं, म्हणजे भाजक्या विटेच्या पुडीनं. केरळातलं १८९५ चं मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीतच बांधलेलं आहे. रोमनही राख नसेल तिथे कौलं-मडकी कुटून चुन्यात घालत.

आज सुरखीची जागा औष्णिक वीजकेंद्राच्या राखेनं घेतली आहे. कोराडी असो की चंद्रपूर, भट्टीत कोळशातला मातकट भाग वितळतो आणि धुराबरोबर उडताना झटकन थंड होऊन काचेचे सूक्ष्म गोळे बनतो. ज्वालामुखीचंच काम, चिमणीच्या मापाचं. दुकानात मिळणारं पीपीसी सिमेंट म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. त्यात ही राख १५ ते ३५ टक्के घालता येते.

मात्र राख आणि चुन्याचा हा संयोग सावकाश होतो आणि त्याला पाणी लागतं. भारतीय मानक साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओलं ठेवायला सांगतं; मिश्र सिमेंटला किमान १० दिवस, आणि शक्यतो १४. तेव्हा घराचं काम काढलं असेल आणि आठव्या दिवशी ठेकेदार ‘आता पाणी बस झालं’ म्हणाला, तर ऐकू नका.