घोडं पेंड खातं तिथे

एखादे काम कोठे अडले हे शोधताना ‘घोडं पेंड खातं कुठं?’ असे आपण सहज विचारतो. परंतु ज्या घोडनदीच्या काठी कंपनी सरकारच्या अमदानीत रिसाल्याची छावणी होती आणि आज दावणीला घोड्याऐवजी संकरित गाय उभी असते, त्या शिरूर गावी हा प्रश्न अक्षरशः विचारावा असा आहे, कारण तेथील आणि शेजारच्या दौंड तालुक्यातील दूधवाल्याचे घोडे खरोखरच पेंडीत अडलेले असते.

पेंड या शब्दाचे नाते ‘पिंड’ या संस्कृत शब्दाशी जुळते. तेल निथळून गेल्यावर घाण्यात जो दाबलेला गोळा उरतो, तोच पिंड. प्राचीन ग्रंथांत तिला ‘पिण्याक’ असेही म्हटले असून मनुस्मृतीने तिची गणना प्रायश्चित्ताच्या अन्नात केली. कौटिल्याने मात्र गोऽध्यक्षाची कर्तव्ये सांगताना बैलाच्या शिध्यात ‘घाणपिण्याक’ एक तुळा मंजूर केला. आपला घाणा त्या सामासिक शब्दात दोन हजार वर्षांपूर्वीच फिरताना दिसतो, आणि या दोन शास्त्रकारांत मला कौटिल्य अधिक व्यवहारी वाटतो. वऱ्हाडात हिलाच ‘ढेप’ म्हणतात, हिंदी मुलखात ‘खली’.

या मुलखात पेंडीची मोठी मागणी प्रथम गाईसाठी झाली नाही, उसासाठी झाली. 1870 नंतरच्या दशकात खडकवासल्याच्या तलावातून निघालेला मुठा उजवा कालवा हवेलीतून पाटसपर्यंत आला. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून खताची निकड आली. करडई, एरंड, करंज यांची पेंड कुटून सरीत घालणे हा तेव्हाच्या बागाईतदाराचा मोठा खर्च असे. पुढे अमोनियम सल्फेटची पोती येऊ लागली, 1951 साली सिंद्रीचा सरकारी कारखाना सुरू झाला, आणि उसाने पेंड सोडली.

तोवर भुईमूग घरोघर रुजला होता. गावच्या घाण्यावर शेंगदाणे देऊन तेल आणि पेंड दोन्ही घरी आणावयाची, ही रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना संध्याकाळचे ते घमेले आठवत असेल: त्यात ढेकळासारखे पिवळसर तुकडे पाण्यात टाकलेले, पहाटे फुगून त्यांचा लगदा झालेला, त्यात कोंडा आणि चिमूटभर मीठ कालवून आंबोण गव्हाणीत सारले, की कडी न वाजताही गाय मान फिरवी.

पेंड कोणी पेरीत नाही. माणसाला तेल किंवा कापड हवे असते, त्याच्या पोटी ती जन्मते. म्हणून तेलाचा मार्ग बदलला की पेंडीचा वंश खुंटतो. 1994 साली पामोलीनची आयात खुली झाली. आज देशात वर्षाला सुमारे 80 ते 100 लाख टन पामतेल उतरते, आणि महाराष्ट्रात भुईमुगाचे क्षेत्र मात्र आटत गेले. तेल आले, पण त्याची पेंड जहाजातून आली नाही.

ती गेली कोठे, याची कथा पश्चिम आफ्रिकेतून सुरू होते. तेथील तेलताडाच्या फळाचा गर दाबून पामतेल निघते, आणि आतली कठीण आठळी फोडून गाभ्याचे दुसरे तेल व पेंड मिळते. पहिल्या महायुद्धापूर्वी हा गाभा मुख्यतः हॅम्बुर्गला जाई व त्याची पेंड जर्मन गाई खात. 1848 साली डच अधिकाऱ्यांनी जावातील बोगोरच्या उद्यानात त्या ताडाची चार रोपे लावली. 1911 पासून सुमात्रात त्याचे मळे उभे राहिले, नंतर मलायात. आणि कालांतराने आठळी तेथेच फुटू लागली. आज एकटा न्यूझीलंड वर्षाला सुमारे 20 लाख टन पाम-पेंड आपल्या गाईंसाठी नेतो. ही पेंड रवाळ, कवचाचे कण असलेली आणि कोरडी असते. तिच्यात प्रथिने शेकडा 15च्या आसपास, म्हणजे भुईमुगाच्या पेंडीच्या निम्म्याहूनही कमी. आपल्या गोठ्याला ती जवळजवळ अपरिचितच आहे.

भुईमुगाची जागा येथे घेतली ती सरकीने. दूध संकलन केंद्रावर दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर (स्निग्धांश सोडून उरलेल्या घन भागावर), आणि ‘सरकीशिवाय फॅट लागत नाही’ ही गोठ्यातली श्रद्धा निराधार नाही, कारण दाबून काढलेल्या सरकी पेंडीत थोडे तेल राहतेच. खानदेशचा मुलूख दौंडला 1878 पासून मनमाडच्या लोहमार्गाने जोडलेला आहे. वऱ्हाडच्या पेंडीचे तर अकोल्याच्या नावाने वायदेही होतात. 2002 साली बीटी वाण आल्यावर सरकी मुबलक झाली खरी. पण कापूस बहुतांशी कोरडवाहू, तेव्हा यवतमाळला पाऊस चुकला की दौंड तालुक्यातल्या केडगावच्या गाईचे आंबोण पातळ होते, आणि बारदानासकट तोललेल्या पोत्याचा भाव दुधाच्या दराला न विचारता चढतो.

आयात तेलावरील जकात ठरविताना तेलबिया पिकविणारा आणि तेल खाणारा या दोघांची बाजू मांडली जाते. गव्हाणीशी उभ्या असलेल्या तिसऱ्या पक्षकाराचीही त्या दफ्तरी एकदा नोंद व्हावी.