शेजाऱ्याचा गुण आणि विजेचा मीटर

ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला, वाण नाहीं पण गुण लागला, ही म्हण मराठी घरांत सर्वांच्या परिचयाची आहे. माणसाच्या काटकसरीसही हा नियम लागू पडतो काय, याचें मोजमाप अमेरिकेंत झालें. त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

१९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखून धरलें आणि अमेरिकेंत इंधनाची टंचाई झाली. तेव्हांपासून ऊर्जेची बचत हा तेथील मानसशास्त्रज्ञांच्या आस्थेचा विषय बनला. लोकांस माहिती पुरवून फायदा पटविला, म्हणजे ते आपोआप बचत करूं लागतील, असा मात्र सर्वसाधारण समज होता.

कॅलिफोर्नियांतील सॅन मार्कोस शहरांत वेस्ली शुल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळा मार्ग चोखाळला. २९० घरांच्या मीटरांची नोंद घेऊन दारोदार चिठ्ठ्या अडकविण्यांत आल्या. प्रत्येक चिठ्ठींत त्या घराचा वीजखप आणि शेजारपाजारचा सरासरी खप नमूद केलेला होता. सरासरीहून अधिक वीज जाळणाऱ्यांनीं हात आंखडला. परंतु जीं घरें मुळांतच काटकसरी होतीं, त्यांचा खप उलट वाढला! शेजारी इतकी वापरतात, मग आपणच कां मन मारावें, असें त्यांना वाटलें असावें. ज्या काटकसरी घरांच्या चिठ्ठीवर शाबासकीदाखल हंसरा चेहरा काढला होता, त्यांची बचत मात्र टिकून राहिली. हे निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले.

पुढील वर्षीं जेसिका नोलन आदि संशोधकांनीं ८१० कॅलिफोर्नियावासीयांची पाहणी प्रसिद्ध केली. बचतीचीं कारणें विचारतां शेजाऱ्यांच्या उदाहरणास लोकांनीं सर्वांत कमी महत्त्व दिलें. प्रत्यक्ष वर्तनाशीं मात्र त्याचाच संबंध सर्वांत निकट आढळला. माणसाला स्वतःचें मन किती थोडें कळतें!

याच तत्त्वावर अमेरिकेंतील वीजकंपन्या ग्राहकांस तुलनापत्रें धाडूं लागल्या. हंट ऑलकॉट यांनीं २०११ सालीं सुमारें ६ लक्ष घरांचा हिशेब मांडला, तेव्हां खप सरासरी २ टक्क्यांनीं घटलेला दिसला. आंकडा लहान खरा. पण तो दर न वाढवितां, केवळ पत्रें धाडून साधला.

यावरून लोकशिक्षण करणाऱ्यांनीं एक पथ्य पाळावयास हवें. "सगळेच उधळपट्टी करितात" अशी ओरड केली, तर ऐकणारा तीच रूढि समजून तिच्यामागें जाण्याचा धोका असतो. उधळ्यास शेजाऱ्याचें उदाहरण पुरेसें होतें. काटकसरी माणसास मात्र त्यासोबत शाबासकीचे दोन शब्दही द्यावे लागतात.