डेंग्यू प्रतिपिंड चाचणी

डेंग्यूच्या विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडीज, रक्तात आहेत का हे पाहणारी तपासणी. एडिस डासांमार्फत पसरणाऱ्या या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. चाचणी विषाणूला नव्हे, तर त्याला शरीराने दिलेल्या प्रतिसादाला शोधते. म्हणून तापाचा कितवा दिवस आहे हे ठाऊक नसेल, तर अहवालाला फारसा अर्थ उरत नाही.

तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणूचे एनएस१ हे प्रथिन रक्तात सापडते. आयजीएम प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतात आणि दोन-तीन महिने टिकतात. तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आले म्हणून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही. उलट पॉझिटिव्ह अहवाल महिन्यापूर्वीच्या तापाचाही असू शकतो. आयजीजी उशिरा येतात, पण वर्षानुवर्षे राहतात. दुसऱ्यांदा डेंग्यू झाल्यास तीच झपाट्याने वाढतात आणि आयजीएम मात्र जेमतेम किंवा अजिबात आढळत नाहीत.

प्रमाणित पद्धत मॅक एलायझा ही आहे. प्लेटच्या खळग्यांत रुग्णाच्या सीरममधील आयजीएम पकडून ठेवतात, त्यावर डेंग्यूचे प्रतिजन व खुणेचे विकर जोडलेले प्रतिपिंड घालतात आणि उमटलेल्या रंगाची तीव्रता यंत्रावर मोजतात. सरकारी निगराणी रुग्णालयांना लागणारे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था पुरवते. पट्टीवरची झटपट चाचणी सोयीची असली, तरी केवळ तिच्यावर निदान पक्के मानले जात नाही.

झिका, जपानी मेंदूज्वर किंवा पीतज्वराची लस यांमुळे तयार झालेली प्रतिपिंडेही या चाचणीत डेंग्यूची भासू शकतात, कारण हे सारे विषाणू एकाच गटातले. शंका उरल्यास प्लाक न्यूट्रलायझेशन चाचणी करतात; ती वेळखाऊ असून मोजक्याच प्रयोगशाळांत होते. चिकुनगुन्याचा विषाणू वेगळ्या गटातला असल्याने तेथे सहसा असा घोळ होत नाही.

लसीकरणात या चाचणीचे महत्त्व फिलिपिन्समध्ये कळले. तेथे 2016 पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही डेंग्यूची लस देण्यात आली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नव्हता, त्यांना लशीनंतर संसर्ग झाल्यास आजार तीव्र होण्याचा धोका वाढतो, हे उत्पादक कंपनीने 2017 च्या नोव्हेंबरात जाहीर केले आणि मोहीम थांबली. पूर्वसंसर्ग रक्तचाचणीने पडताळूनच ही लस द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये केली.